अर्ध्या इंचाचाही फरक नाही

मास्तरांनी जन्मभर टेप वापरला तो फक्त गळ्यात अडकवायला. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर आणि बाहीची लांबी मास्तरांच्या डोक्यात तयार असायची. मग गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून ते टेप उगाच इकडून तिकडे फिरवायचे आणि आकडे मात्र डोळ्यांनी घेतलेलेच सांगायचे. मास्तरीणबाई ते वहीत उतरवून घ्यायच्या. समोरच्या सलूनवाल्याने या डोळ्यावर पैजा लावून किती चहा घालवले त्याची गणती नाही. रस्त्यावरून जाणारा एखादा अनोळखी माणूस तो बोटाने दाखवायचा, मास्तर म्हणायचे, "कंबर छत्तीस, आणि डावा खांदा उतरलाय," आणि त्या बिचाऱ्याला थांबवून मोजलं की छत्तीसच भरायची. सलूनवाला हात जोडून म्हणायचा, "मास्तर, तुमच्यासमोर यायचं तर माणसाने कपडे घालून तरी काय उपयोग?"

असा हा डोळा. त्याने मास्तरही चढून गेले होते हे कबूल करायला हवं. आणि या डोळ्याची सगळ्यात मोठी बढाई होती ती स्वतःच्या बायकोबद्दल. नवं गिऱ्हाईक आलं, जरा गप्पा रंगल्या, की मास्तर मशीनकडे मान वळवून सांगायचे, "लग्नाला अडतीस वर्षं झाली. हिचं माप बदललं नाही. अर्ध्या इंचाचाही फरक नाही." मधली दोन बाळंतपणं ते खुशाल विसरायचे. मास्तरीणबाईंच्या तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या. त्या टाचण्यांच्या फटीतूनच त्या म्हणायच्या, "हो ना. अक्कलही तेवढीच राहिली, म्हणून तर अजून इथे आहे."

मास्तरीणबाईंना जाऊन त्या गुरुवारी सोळा दिवस झाले होते.

येत्या रविवारी गल्लीतल्या लोकांनी वाचनालयाच्या खोलीत सभा ठेवली होती. चार माणसं बाईंबद्दल चार शब्द बोलणार होती आणि शेवटी मास्तरांनी बोलायचं होतं. मास्तरांना कापड बोलतं करता यायचं, स्वतःला नाही. तीन दिवस खपून त्यांनी एक कागद तयार केला होता. त्यावर पहिलंच वाक्य ते अडतीस वर्षांचं आणि अर्ध्या इंचाचं होतं. खाली तीन ओळी लिहून खोडल्या होत्या. सलूनवाल्याने तो कागद वाचून डोळे पुसले आणि म्हणाला, "एवढं एकच बोला, मास्तर. दुसरं काही बोलूच नका. सगळं त्यातच आलं." मास्तरांनाही ते पटलं होतं. कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला होता.

गुरुवारी सकाळी मुलगी आली. घरात तिला सगळे डावरी म्हणत, कारण लहानपणापासून ती चमचा, पेन्सिल, सुई सगळं डाव्या हातात धरायची. आता ती शाळेत शिकवत होती आणि फळ्यावरही डाव्याच हाताने लिहायची. काखेत तिने एक बोचकं आणलं होतं. ते तिने कापायच्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत आईचा राखाडी कोट होता. दवाखान्यात शेवटचं नेलं तेव्हा बाईंच्या अंगावर हाच होता. तिथून तो डावरीने आपल्या घरी नेला होता.

"रविवारी मी हा घालणार आहे," ती म्हणाली. "मला बसेल असा करा."

मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. "तू आईपेक्षा रुंद आहेस. पण माया आहे आत. मीच ठेवली होती, दोन्ही बाजूंना दीड-दीड बोट. होईल." शिंपी लोक शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, पुढेमागे अंग भरलं तर सोडता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. मास्तर ती सढळ हाताने ठेवत.

"तुम्हीच उसवा," डावरी म्हणाली. "दुसऱ्या कोणाला देऊ नका."

"दुसरं आहे कोण इथे?"

ती निघाली. दारात जाऊन पुन्हा मागे वळली. "शाळा सुटली की येते. तोवर उसवून होईल ना?"

"उसवायला कितीसा वेळ लागतो," मास्तर म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी दाराची वरची फळी लावून घेतली, म्हणजे गिऱ्हाईक आत शिरणार नाही, आणि कोट टेबलावर पसरला. लगेच हात लावायचा धीर होईना. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तो कापला होता आणि बाईंनी शिवला होता. घरात सगळं तसंच चालायचं. मास्तर कापायचे, बाई शिवायच्या. त्या मास्तरांच्या आयुष्यात आल्या होत्या त्याच मुळी काजं करायला. तेव्हा मास्तर दुसऱ्याच्या दुकानात कापणारे होते, वय सव्वीस, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यात या मुलीने त्यांनी कापलेल्या दोन बाह्या उचलून समोर धरल्या आणि म्हणाली, "या दोन्ही उजव्या हाताच्या आहेत. गिऱ्हाइकाला विचारून कापल्या का?" सगळं दुकान हसलं. मास्तरांनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं आणि महिना संपल्यावर लग्नाचं विचारलं. अपमान करून घ्यायचा तर तो घरच्याच माणसाकडून करून घ्यावा असं त्यांचं तेव्हा मत पडलं.

बाई शिवायला बसल्या की पायाखाली लाकडी पाट घ्यायच्या, कारण मशीनचं पायडल त्यांना लांब पडायचं. अंगात घट्ट कपडे मागणाऱ्या बायकांना त्या सांगायच्या, "बाई गं, हे कापड आहे, कातडं नाही." पोट सुटलेल्या पुरुषांचं माप मास्तर घ्यायला लागले की त्या आतून ओरडायच्या, "जेवून आलेत का ते विचारा आधी." उरलेला दोरा टाकायच्या नाहीत. मोठं काम संपलं की बॉबिनमध्ये जो रंग राहिला असेल त्याने घरच्या चादरी, उशा, मास्तरांचे सदरे दुरुस्त व्हायचे. मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या काखेत जांभळा दोरा निघायचा आणि त्यांनी तक्रार केली की त्या म्हणायच्या, "काख वर करून हिंडता का गावभर?"

आणि थोरला गेला तेव्हाची गोष्ट. पहिला मुलगा सहा वर्षांचा होऊन तापाने गेला. डावरी तेव्हा तीन वर्षांची. मास्तरांनी अंथरूण धरलं ते नऊ महिने. हाताला इतका कंप सुटला की कात्री धरवेना. त्या नऊ महिन्यांत बाईंनी कापलंही आणि शिवलंही, डावरीला मशीनशेजारी टोपलीत बसवून. मग एक दिवस त्यांनी मास्तरांना हाताला धरून उठवलं, टेबलाशी उभं केलं, हातात कात्री दिली आणि स्वतःचा हात त्यांच्या हातावर ठेवून एक अख्खा सदरा कापून घेतला. तुझ्या पोटात काय चाललंय, हे मास्तरांनी त्या नऊ महिन्यांत बायकोला एकदाही विचारलं नाही. ही गोष्ट त्यांना आत्ता, कोटावर हात ठेवून उभं असताना आठवली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

शेवटी त्यांनी ब्लेड घेतलं आणि अस्तराची खालची शिवण उघडली. अस्तर वर केलं. डाव्या बाजूची शिवण दिव्याखाली धरली.

शिवण जिथे असायला हवी होती तिथे नव्हती.

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांनी ठेवलेली माया दीड बोट होती. इथे चांगलं तीन-साडेतीन बोट कापड आत दडपलेलं होतं, इस्त्रीने चापून बसवलेलं, कडा आतल्या आत टाचलेल्या, म्हणजे बाहेरून फुगवटा दिसू नये. एका शिवणीच्या आत दुसरी शिवण होती, तिच्या आत तिसरी. त्यांनी उजवी बाजू पाहिली. तिथेही तसंच. पाठीच्या मधल्या शिवणीतही तसंच. खांद्यापाशी बोटाला काही मऊ लागलं म्हणून त्यांनी तिथलं अस्तर उघडलं. आत कापसाची पातळ गादी शिवलेली होती. मास्तर कोटात खांद्याला गादी कधीच घालत नसत. बाईंचे खांदे चांगले होते, त्यांना कशाला हवी गादी. कमरेच्या खालीही दोन्हीकडे तशीच गादी निघाली, कडेला विरळ होत गेलेली, अशी बेताने बसवलेली की मास्तरांनी स्वतः बसवली असती तरी याहून चांगली बसली नसती.

ते स्टुलावर बसले. समजायला फार काही उरलं नव्हतं, पण माणसाचं मन अशा वेळी कामात लपायला बघतं. ते एकेक शिवण बोटाने चाचपत मोजायला लागले.

सगळ्यात बाहेरची शिवण मूळची, राखाडी दोऱ्याची. ती उसवून नुसती भोकं उरली होती. तिच्या आत पाऊण बोटावर हिरवी शिवण. गडद हिरवा दोरा त्यांनी एकाच कामाला आणला होता, शाळेच्या गणवेशांना. ते काम संपलं त्याला दीड वर्ष झालं. हिरव्याच्या आत मरून. बँडवाल्यांचे एकवीस कोट, सोनेरी पट्ट्यांचे. ते त्यानंतर तीन महिन्यांनी. मरूनच्या आत गडद निळी, ती कारखान्यातल्या कामगारांच्या डगल्यांची. म्हणजे आणखी दोन महिन्यांनी. प्रत्येक मोठं काम संपल्यावर बॉबिनमध्ये जो दोरा उरला त्याने बाईंनी आपला कोट आत घेतला होता. मास्तर मंगळवारी दुपारी कापड आणायला बाजारात जायचे. तेवढाच वेळ बाईंना मिळत असणार.

दीड वर्ष बाई वाळत होत्या आणि कोट त्यांच्या मागोमाग वाळत होता. म्हणून तो प्रत्येक वेळी बसायचा. थंडी संपल्यावर त्या घरात एक निळा ढगळ डगला घालून वावरायच्या, बाहेर निघाल्या की कोट. "मला हल्ली गारठा सोसत नाही," म्हणायच्या. मास्तरांनी कोट पाहिला, आणि कोट चांगला बसला होता. शिंपी माणसाकडे बघत नाही, शिवणीकडे बघतो. बगलेत चुणी आहे का, पाठीवर ताण आहे का, खांदा उतरतोय का. कुठेच काही नव्हतं. दुसरा कोणी नवरा असता, साधा, कापडातलं ओ की ठो न कळणारा, तर त्याला बायकोचं मनगट दिसलं असतं, गाल दिसले असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहिल्यांदा त्यांना राग आला, आणि तो तिचाच आला. मला माझ्याच धंद्यात फसवलंस, ते मोठ्याने म्हणाले. दुकानात मशीनशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. एवढं कसब तू मला फसवायला वापरलंस. मग एक आठवण आली आणि राग जागच्या जागी गोठला.

याच हिवाळ्याच्या सुरुवातीला तिघं डॉक्टरांकडे गेली होती. बाईंच्या पोटात दुखायचं, अन्न जात नव्हतं. डावरीनेच हट्ट धरून नेलं. डॉक्टर म्हातारे होते, बोलके होते. त्यांनी बाईंना काट्यावर उभं केलं, कोटासकटच, कारण खोलीत कडाक्याची थंडी होती. आकडा पाहिला आणि विचारलं, "आधी किती होतं वजन? हल्ली कमी झालंय का?" वजन कोणी कधी केलंच नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं. तेव्हा मास्तर पुढे सरकले.

"वजनाचं मला माहीत नाही डॉक्टरसाहेब, पण मापाचं मला विचारा. मी चाळीस वर्षं शिवतोय. हा कोट अकरा वर्षांपूर्वीचा आहे. बघा कसा बसलाय. अर्ध्या इंचाचाही फरक नाही."

डॉक्टर हसले. "मग तुमच्याइतका पक्का साक्षीदार कुठे मिळणार?" असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पित्ताच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी दाखवायला या म्हणाले. त्या दोन महिन्यांनंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले होते, "थोडं आधी यायला हवं होतं." कुणामुळे उशीर झाला हे तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि मास्तरांनाही ते स्वतःला विचारायचं सुचलं नव्हतं.

बढाई मारली होती त्यांनी. बायको मरत होती आणि ते डॉक्टरांसमोर आपल्या डोळ्याची बढाई मारत होते.

सलूनवाल्याने रस्त्यापलीकडून दोनदा हाक मारली, "मास्तर, चहा?" मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी पुन्हा कोट ओढला. निळ्या शिवणीच्या आत आणखी एक होती, शेवटची. तिच्याकडे त्यांनी अजून नीट पाहिलंच नव्हतं. ही मशीनची नव्हती, हातशिलाई होती. दोरा काळा, साधा, कुठल्याही घरात असतो तसा. बाईंना मशीनवर बसवेनासं झालं असेल म्हणून हाताने घातली असेल, असं वाटून त्यांनी ती दिव्यापाशी नेली. बाईंच्या हातचे टाके त्यांना डोळे मिटूनही ओळखता आले असते. बारीक, सारखे, उजवीकडून डावीकडे कललेले.

हे टाके मोठे होते आणि उलट्या बाजूला कललेले होते.

उलट्या बाजूला कललेला टाका घालणारं माणूस या घरात एकच होतं.

शाळा सुटून डावरी आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. दुकानात कोट उलटा पसरलेला होता, सगळ्या शिवणी उघड्या, कापसाच्या चार गाद्या एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या. मास्तर टेबलाच्या पलीकडे उभे होते. ती आत आली, तिने कोटाकडे पाहिलं आणि फळी लावून घेतली.

"हा काळा दोरा तुझा," मास्तर म्हणाले.

"हो."

"कधी?"

"डॉक्टरांकडे गेलो त्याच्या आधीच्या रविवारी. आई माझ्याकडे आली होती. तिच्या बोटांना सुई धरवत नव्हती. मला म्हणाली, एवढं आत घेऊन दे." डावरी उभीच होती, हातातली पिशवीही तिने खाली ठेवली नव्हती. "कोट काढल्यावर मी तिला पाहिलं, बाबा. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाबांना सांगते. तर तिने माझा हात धरला. म्हणाली, एकदा त्यांना उठवलंय मी, दुसऱ्यांदा माझ्यात ताकद नाही."

मास्तरांनी काळ्या टाक्यांवर अंगठा ठेवला.

"मग आमचा सौदा झाला. मी कोट आत घेऊन द्यायचा आणि तिने डॉक्टरांकडे यायचं. मला वाटलं, डॉक्टर काय ते बघतीलच. मी कशाला तोंड उघडू? आणि तिथे तुम्ही..." ती थांबली. "तुम्ही ते बोललात. मी बोलायला लागले तर आईने टेबलाखाली माझी बोटं इतकी जोरात दाबली. मी गप्प बसले. तीस मुलांच्या वर्गाला दम देते मी रोज, आणि तिथे गप्प बसले."

"मी बोललो म्हणून डॉक्टरांनी लिहिलं."

"मी बोलले नाही म्हणून ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन सांगू म्हटलं. नाही गेले. मी रोज म्हणायचे, उद्या. आई म्हणायची, या गोळ्यांनी बरं वाटतंय. त्या दिवशी डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर रस्त्यात मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, 'तुझ्या बाबांचा डोळा कधी चुकत नाही. ते फरक नाही म्हणाले ना? मग नसेलही एखाद वेळी.' आणि हसली. तिला खरंच तसं वाटलं, बाबा. स्वतः शिवण आत घेतली होती तिने, तरी तुमचं खरं वाटलं."

इतर सगळं मास्तरांनी दुपारभरात स्वतःच्या पदरात घेतलं होतं. हे एक उरलं होतं.

"आज हे सांगायला कोट आणलास?" त्यांनी विचारलं.

"तोंडाने सांगता येईना. सोळा दिवस प्रयत्न केला. म्हटलं उसवतील तेव्हा कळेल, टाका तर ओळखतीलच." तिने पिशवी खाली ठेवली. "आता काय बोलायचं ते बोला. शिव्या द्या. पण मी हे मनात ठेवून रविवारी लोकांसमोर बसणार नव्हते, आणि तुम्हीही ते अर्ध्या इंचाचं बोलू नये असं मला वाटत होतं."

मास्तरांना मुलीवर रागवावंसं वाटलं आणि रागवता येईना. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला, एकदा वाचला. मग तो उलटा करून टेबलावर ठेवला. मागची बाजू कोरी होती.

"रविवारी मी सांगणार आहे की मला कळलं नाही," ते म्हणाले.

"लोक काय म्हणतील तुमच्या डोळ्याला?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत."

त्यांनी गळ्यातला टेप काढला. हात पुन्हा तसाच थरथरत होता, थोरल्याच्या वेळी थरथरायचा तसा. बाई असत्या तर त्यांच्या हातावर हात ठेवला असता. ते डावरीसमोर येऊन उभे राहिले. तिच्या अंगात शाळेचा जाड कोट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. सवयीने डोळ्यांनी आकडा डोक्यात आणून ठेवला, छाती अडतीस. त्यांनी तो मानला नाही.

"आधी अंगातला कोट काढ," मास्तर म्हणाले.

तिने बटणं सोडली, कोट काढून मशीनवर ठेवला. मास्तरांनी टेप तिच्या छातीभोवती नेला, टोक जुळवलं, चष्मा वर केला आणि आकडा वाचला. छत्तीस. त्यांनी टेप काढून पुन्हा लावला. छत्तीसच.

"हे कमी आहे," ते म्हणाले. "हे कमी का आहे?"

"काही नाही बाबा. सोळा दिवस घास उतरत नाही. तुमचा तरी उतरतोय का?"

"खरं सांग."

"खरंच सांगते." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "उद्या वजन करून घेते. कागद आणून दाखवते."

"मी येतो बरोबर," मास्तर म्हणाले. "मी काही बोलणार नाही तिथे. नुसता येतो."

त्यांनी कंबर मोजली, खांदा मोजला, बाहीची लांबी मोजली. प्रत्येक आकडा दोनदा. एरवी वहीत लिहायला मशीनवर बाई असायच्या. आता ते आकडा सांगायचे आणि डावरी वाकून कागदाच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हाताने लिहायची. सगळं झाल्यावर त्यांनी तिला ते सुरुवातीपासून मोठ्याने वाचायला लावलं.

"खाली तारीख घाल," ते म्हणाले.

तिने तारीख घातली आणि आपला कोट उचलला. "रविवारपर्यंत होईल ना?"

"कोट होईल. पुढच्या गुरुवारी पुन्हा ये."

"पुढच्या गुरुवारी कशाला?"

"माप द्यायला," मास्तर म्हणाले आणि टेप गुंडाळून ठेवायच्या ऐवजी हातातच धरून उभे राहिले.